गच्चीचं दार तुझ्या खोलीतून

७ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी काम.

मला गच्ची हवी आहे. दचकू नकोस, विकत नको आहे. गच्चीवर उन्हावर चालणारी वीज बसवायची आहे. गच्ची बाबांनी तुझ्या नावावर केलेली असल्यामुळे वीज कंपनीला तुझी सही लागते. ना-हरकतीचा कागद सोबत आहे, पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथे सही कर. दुसरं म्हणजे, गच्चीचं दार तुझ्या खोलीतून आहे आणि खोलीला तू लावून गेलीस ते कुलूप आहे. त्याची चावी पाठव. झालं, एवढंच.

एवढ्यावर पत्र संपवणार होते, पण पानाची मागची बाजू कोरी पाठवणं जिवावर येतं.

वीज कशाला, असं विचारशील. दुकानासाठी. मला आता हातानं चावी घासता येत नाही. अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका लागतो की दोन दात काढले की कानस हातातून सुटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानस सोडा. मी म्हटलं, सोडते, मशीन आहे. मशीन आहे खरं, पण रोज दिवसा, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला, वीज जाते. माणूस काउंटरपाशी उभा, त्याची चावी मशीनच्या जबड्यात अर्धी कापलेली, आणि मी त्याला म्हणते, बसा जरा. किती वेळ बसेल तो? नव्या बाजाराच्या इमारतीत आता एक चावीवाला बसतो. तिथे वीज जात नाही, म्हणून गिऱ्हाईक तिकडे जातं. असंच चाललं तर वर्षअखेरीला बाबांचं दुकान बंद करावं लागेल. मग मी दिवसभर काय करायचं, भिंतीशी गप्पा मारायच्या?

एक माणूस येऊन गेला. चुटक्या वाजवत बोलतो, म्हणून मी त्याला चुटकीवाला म्हणते. तो म्हणाला, "मावशी, सही नको, मंजुरी नको, कंपनीला कळवायचंच कशाला? मागून शिडी लावतो, एका दिवसात काम फत्ते. नाहीतर ते वरचं कुलूप तोडतो. त्याला काय लागतंय?"

चावीवालीच्या दारात उभं राहून कुलूप तोडायची भाषा करतो. पण लगेच करून देतोय आणि स्वस्तात देतोय. तू सही आणि चावी लवकर पाठवली नाहीस तर मला त्याचंच ऐकावं लागेल. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडं धमकी म्हणूनही लिहिते आहे.

कुलूप मला उघडता येतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुलाही आहे. जाताना जिन्यात उभी राहून तूच म्हणाली होतीस, "एवढी मोठी चावीवाली ना तू, उघडून दाखव बघू." कशावरून, तर तुला खोलीत भाडेकरू ठेवायचा होता आणि मी म्हटलं की परका माणूस माझ्या डोक्यावर नाचायला नको. ते मी आजही म्हणते. पण तुझ्या कुलपाला मी हात लावलेला नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही.

आशीर्वादाला जागा उरली नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे, टपालवाल्यांवर ढकलू.

तुझी वाट न बघता मी परवानावाल्या बाईंना बोलावलं. हे काम कुणी करायचं त्यांची नावं वीज कंपनीच्या कचेरीत लावलेली असतात, त्यांतल्या या एक. आल्या त्या थेट कामाला लागल्या. चहासुद्धा उभ्यानं घेतला. शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन आपली गच्ची बघितली, सावली कुठून कुठे सरकते ते बघितलं, मीटरची पेटी उघडून आतल्या तारांकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. म्हणाल्या, घरात अर्थिंग नावाला आहे, ते आधी नीट करावं लागेल. इन्व्हर्टर जिन्यात बसवू म्हटलं तर भिंतीवर हात फिरवून म्हणाल्या, "इथे नाही चालणार. ही भिंत ओलीगच्च आहे." बारा महिने ओलच असते त्या जिन्यात, तुला माहीत आहे. त्यांना कोरडी भिंत हवी आणि ती तुझ्या खोलीत आहे. म्हणजे आता नुसती गच्ची नाही, खोलीही हवी.

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणाल्या, "रस्त्यावरची वीज गेली की तुमच्या गच्चीवरची वीजही आपोआप बंद पडली पाहिजे."

मी म्हटलं, "मग हा खटाटोप कशाला? मला ती जाते तेव्हाच तर हवी आहे."

"मिळेल," म्हणाल्या. "पण त्यासाठी बॅटरी लागेल आणि मध्ये एक स्विच लागेल. तो आधी तुमचं घर रस्त्याच्या तारेपासून तोडतो आणि मगच तुमचं मशीन चालू करतो. तो नसला तर तुमच्या घरातली वीज उलटी बाहेर जाते. तेव्हा खांबावर कुणीतरी तार जोडत असतो आणि त्याला वाटत असतं की तारेत वीज नाही."

 मला मेहुणे दिसले, खांबावर तारा जोडायचे तेव्हाचे. कमरेला पट्टा, एक पाय खांबाला टेकवलेला, आणि तोंडात स्क्रू धरून बोलायची ती घाणेरडी सवय. आपल्या लहानशा गल्लीत किती वेळा चढले असतील ते त्या कोपऱ्यावरच्या खांबावर. तू खिडकीत उभी राहायचीस ती त्यांना बघायला, असं तेव्हा मला वाटायचं. आता वाटतं, जीव मुठीत धरून उभी असायचीस.

चुटकीवाला पुन्हा आला तेव्हा मी विचारलं, "तुझ्याकडे तो मधला स्विच आहे का?" तर म्हणतो, "मावशी, कंपनीचे लोक हातमोजे घालतात, तुम्ही कशाला काळजी करता?" त्याला मी काय म्हणाले ते लिहीत नाही, कारण माझी पत्रं मेहुणेही वाचतात. पण तो परत येणार नाही.

म्हणजे आता सरळ रस्ता तेवढा उरला आणि तो तुझ्या दारातून जातो. कृपा करून सही कर.

जाताना बाईंनी तुझं कुलूप हातात धरून बघितलं. म्हणाल्या, "रोजच्या वापरातलं दिसतंय, कुठे गंज नाही." मी म्हटलं, इकडची हवा कोरडी आहे.

ताई


१५ मार्च

धाकटे,

कागद मिळाला. सही बरोबर फुलीवर. आभार मानत नाही, आपल्यात तशी पद्धत नाही. बाईंनी अर्ज दाखल केला आणि मंजुरी आलीसुद्धा. आता एप्रिल संपायच्या आत काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पण तुझ्या त्या चार ओळी. त्यात म्हणतेस, चावी हरवली. तू हरवलीस? शाळेत असताना पेनाचं टोपणही न हरवणारी, फुटलेल्या बांगडीचे तुकडेसुद्धा डबीत जपून ठेवणारी तू? आणि वर मोठ्या मनानं लिहितेस, "तूच उघड, माझी काही हरकत नाही."

नाही उघडणार. बाबांचा नियम तुला सांगायला नको, पण मेहुण्यांसाठी लिहिते. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. चिठ्ठी आणली, फोन आला, शेजाऱ्यानं हमी दिली, काही चालत नाही. मामा एकदा मामीचं कपाट उघडून दे म्हणत आले, तर बाबांनी त्यांना मामीला घेऊन यायला परत पाठवलं. मामी आल्या, कपाटात काय आहे हे मामांना का बघायचंय असं विचारू लागल्या, आणि शेवटी मामाच म्हणाले की राहू दे, उघडू नकोस. आठवतं? आपण दोघी दुकानाच्या काउंटरमागे बसून तोंडात ओढणी कोंबून हसत होतो.

लोक घराच्या चाव्या माझ्या हातात निश्चिंतपणे देतात ते याच नियमावर. दुकान वाचवायला निघाले आणि त्यासाठी पहिला तोच नियम मोडला, तर वाचवलं काय? तेव्हा चिठ्ठीवर तुझं कुलूप उघडणार नाही. सख्खी बहीण असलीस तरी नाही. सख्खी आहेस म्हणून तर नाहीच.

तू स्वतः ये. माझ्यासमोर उभी राहा. मी उघडते. मग लगेच परत जायचं असेल तर जा. मी अंथरूण घालून ठेवीन, कुणी झोपलं नाही तर गुंडाळून ठेवायला मला काही कष्ट पडत नाहीत.

गुडघे दुखतात वगैरे लिहू नकोस. माझेही दुखतात. जिना तेवढाच आहे.

ताई

ता. क. खरंच ये. दुकानाचं मी वाढवून लिहीत नाही. काल दिवसभरात एकच माणूस आला आणि तोही पत्ता विचारायला.


२३ मे

धाकटे,

तू गेल्यावर घर जरा मोठं झालं आहे. चार दिवस राहिलीस त्यात तू माझे सगळे डबे हलवलेस. साखर अजून सापडत नाही.

काम झालं. बाईंची माणसं कमरेला दोर बांधून गच्चीवर वावरत होती. सुरुवातीला मी हसले, एवढ्याशा गच्चीवर दोर कसला. मग त्यातला एक ओल्या कडेवर घसरला आणि दोरानं धरला. नंतर मी हसले नाही. पॅनेल तुझ्या पाण्याच्या टाकीपासून लांब, सावली पडणार नाही असे बसलेत. अंगणात खड्डा खणून अर्थिंग नव्यानं केलं. इन्व्हर्टर तुझ्या खोलीच्या कोरड्या भिंतीवर आहे, जिथे तुझा आरसा होता तिथे. आरसा नीट कागदात बांधून ठेवलाय, घाबरू नकोस. बॅटरी जिन्याखाली ठेवूया असं मी सुचवलं तर बाई म्हणाल्या, आग लागली तर पळायची वाट तीच आहे, तिथे नाही. त्या प्रत्येक ठिकाणी आगीचा विचार करतात. त्यांच्या घरी कसं होत असेल कोण जाणे.

आणि मग मी घाण केली. आता हे तू मेहुण्यांना वाचून दाखवशील आणि दोघं हसाल, पण लिहिते.

रस्त्याच्या बाजूला, मीटरशेजारी, बाईंनी एक मोठा लाल दांड्याचा स्विच बसवला. तो खाली ओढला की आपलं घर रस्त्याच्या तारेपासून पूर्ण सुटतं. मला वाटलं, एवढी महत्त्वाची वस्तू आणि भर रस्त्यावर उघडी? जाणारा येणारा कुणीही ओढेल. म्हणून बाई गेल्यावर मी लोहाराकडून जाळीची भक्कम पेटी करून आणली, स्विचवर बसवली, आणि तिला दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप लावलं. सात लिव्हरचं. त्याच्या दोन चाव्या, दोन्ही माझ्या गळ्यात.

वीज कंपनीचे तपासनीस आले. तुझ्या खोलीतलं बघितलं, छान म्हणाले. गच्ची बघितली, छान म्हणाले. खाली आले आणि पेटीपाशी थांबले.

"हे काय?"

मी अभिमानानं सांगितलं, "हे कुलूप माझ्याशिवाय कुणाला उघडणार नाही."

"घराला आग लागली आणि तुम्ही बाजारात असलात तर?"

मी म्हटलं, "मी लगेच येईन."

"आणि आमचा माणूस खांबावर चढायच्या आधी हा स्विच ओढायला आला आणि तुम्ही जेवून झोपल्या असलात तर? तो तुम्हाला उठवत बसेल की तसाच चढेल?"

मी गळ्यातल्या दोन्ही चाव्या पदराखाली सारल्या.  

त्यांनी नापास केलं. परवानावाल्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मावशी, सगळं जग कुलूप विसरतं म्हणून नापास होतं. तुम्ही लावलंत म्हणून झालात." पेटी काढली, कुलूप परत फळीवर ठेवलं, पुन्हा तपासणीचा अर्ज केला. पुन्हा आले तेव्हा तपासनीसांनी आधी तोच दांडा ओढून बघितला आणि मग माझ्याकडे बघून हसले. पास. नवीन मीटरही बसला.

तो बिनकुलपाचा दांडा बघून माझा जीव आजही कासावीस होतो. दुकानात बसल्या बसल्या माझं लक्ष तिकडेच असतं. अजून कुणी हात लावलेला नाही. लोक वाटतात त्यापेक्षा बरे आहेत, किंवा आळशी आहेत.

साखर कुठे ठेवलीस ते कळव.

ताई


११ जून

धाकटे,

साखर सापडली. पिठाच्या डब्यामागे कुणी ठेवतं का?

आज दिवसा वीज गेली. मी एका बाईची चावी कापत होते. समोरच्या शिंप्याचा पंखा थांबला, वाण्याचा रेडिओ गप्प झाला, गल्लीभर नेहमीचा तो सुस्कारा आला. माझं मशीन जरासं अडखळलं. माझा हात आपोआप उठला त्या बाईला "बसा जरा" म्हणायला. आणि मशीन पुन्हा फिरायला लागलं. धाकटे, मी चावी तशीच धरून उभी राहिले. बाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात कण गेला. पितळेचा कण कुठेही उडतो, हे तुलाही माहीत आहे.

शिंपी उठून बघायला आला. वाणी आला. आजच आणखी चार गिऱ्हाइकं आली, त्यांतली दोन नव्या बाजारातून, तिथला चावीवाला रजेवर आहे म्हणून. पण येऊन बसली ती बसलीच, चहा घेऊन गेली. दुकान बंद होत नाही. हे मला एकदा कागदावर लिहून बघायचं होतं. दुकान बंद होत नाही.

मग मी बाहेर गेले, कारण कोपऱ्यावरच्या खांबावर माणूस चढलेला दिसला. मेहुण्यांसारखाच कमरेला पट्टा. मी खालून ओरडले, "माझ्या घरात वीज चालू आहे हो, पण घर तारेपासून तोडलेलं आहे, तुम्ही खुशाल काम करा." तो वरून म्हणाला, "माहीत आहे, मावशी. तुमचा दांडा मी स्वतःच ओढून मग चढलो." वळून बघितलं तर लाल दांडा खाली. तो आला कधी, ओढला कधी, मला पत्ताही नाही. त्यावर माझी कुलूपबंद पेटी असती तर तो दारावर थापा मारत बसला असता आणि मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नसतं. हे मेहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखव. तिथे काही वेळ थांब आणि मग पुढचं तू एकटीनं वाच.

पुढचं असं. खोली उघडायला आलीस त्या दिवशी तू माझ्यासमोर दाराशी उभी राहिलीस. नियमाप्रमाणे. मी कुलूप उघडायच्या तारा काढून कुलपाशी बसले आणि तू चष्मा शोधायला पर्स स्टुलावर उलटी केलीस. रुमाल, गोळ्या, तिकीट आणि चाव्यांचा जुडगा. तू पटकन सगळं परत भरलंस. पण मी चावीवाली आहे. माणसाचा चेहरा विसरेन, चावीचे दात विसरत नाही. ते कुलूप घरचंच, जुनं; त्याची ती चावी बाबांनी घासली होती, आणि तिसऱ्या दातावर त्यांची कानस जरा जास्त गेली होती, कारण तू तेव्हा त्यांच्या खांद्यावर बसली होतीस. त्या जुडग्यात तीच होती, तुझ्या घराच्या चाव्यांच्या मधोमध.

हरवली नव्हती. तुला यायचं होतं आणि यायला कारण हवं होतं. मी नियम सोडणार नाही हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चिठ्ठीत "तूच उघड" लिहिलंस ते मी नाही म्हणावं म्हणून.

मी काही बोलले नाही, कारण माझंही उघडं पडलं होतं. तू विचारलंस, "इतक्या वर्षांत याला गंज कसा नाही, तेल कोण घालतं?" मी म्हटलं, हवा कोरडी आहे. आणि तू जिन्याच्या ओल्या भिंतीला पाठ टेकून उभी होतीस. मीच घालते तेल. दर पहिल्या तारखेला, बाबांच्या त्या छोट्या तेलदाणीनं. हात लावला नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं ते खोटं होतं. आता फिटंफाट.

आणि तू म्हणालीस ना, "ताई, तुझा हात मंदावला आता, एवढं साधं कुलूप उघडायला किती वेळ लावतेस"? धाकटे, ते कुलूप मी पहिल्याच तारेला उघडलं होतं. आतली कडी सुटल्याचं माझ्या बोटांना कळलं होतं. पण तू तेव्हा मेहुण्यांच्या निवृत्तीचं सांगत होतीस, मग तुझ्या त्या भांडकुदळ शेजारणीचं, मग रात्री झोप येत नाही त्याचं. इतक्या वर्षांनी तू माझ्या डोक्यावर उभी राहून बडबडत होतीस. दार उघडलं असतं तर तू आत गेली असतीस आणि बोलायची थांबली असतीस. म्हणून मी नुसती तार फिरवत बसले.

खोलीत भाडेकरू ठेवायचा असेल तर ठेव. हळू चालणारा बघ. नाही ठेवलास तरी अंथरूण घातलेलंच आहे, गुंडाळलेलं नाही. कुलूप मी काढून फळीवर ठेवलंय, त्या सात लिव्हरच्या शेजारी. इन्व्हर्टर बघायला परवानावाल्या बाई अधूनमधून येणार, दार उघडं लागतं. चावी तुझ्या जुडग्यात राहू दे, बाबांच्या हातची आहे.

पुढच्या वेळी यायला काही हरवावं लागणार नाही. नुसती ये.

पहिल्या पत्रापासूनचे आशीर्वाद द्यायचे राहिलेत. सगळे घे.

तुझी ताई